छातीवरचा हात

नव्या धानाचे सात दाणे मुठीत धरून पुरख्यांच्या खांबासमोर बसल्या बसल्या बुधू झोपला.

सकाळचे दहा वाजले होते. ऊन ओसरीपर्यंत आलं होतं. उजवी मूठ पळसाच्या पानावर अधांतरी होती, डोकं छातीवर टेकलं होतं. एरवी दाणे पानावर सोडायला जितका वेळ लागतो तितक्यात एक शेळीही नीट खाकरत नाही. पण बुधूचा हात तिथंच राहिला, आणि घरच्यांच्या लक्षात आलं की म्हाताऱ्यानं आज गेलेल्या पुरख्यांनाही थांबवून ठेवलंय.

या घराचा एक नियम आहे. नवा खाण्याच्या, म्हणजे नवं धान पहिल्यांदा खायच्या दिवशी ज्याच्या मुठीत दाणे आहेत त्याला मूठ सुटेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, आणि तोवर घरातल्या कोणी घास उचलायचा नाही. बुधूची थोरली बहीण सोमारी सांगे की त्यांच्या आजाच्या काळात एका सुनेनं मधेच 'पाणी देऊ का' एवढंच विचारलं होतं. त्या वर्षी धानाच्या लोंब्या अशा भरघोस आल्या की चामोर्शीच्या बाजारातले लोक बघायला आले. कापून झोडपल्यावर आत एकही दाणा निघाला नाही. बैलांनीसुद्धा तो भुसा हुंगून तोंड फिरवलं.

तेव्हा सगळे बसून राहिले. आणि बुधू घोरू लागला.

त्याच्या घोरण्याचं नाव पंचक्रोशीत होतं. वीस-एकवीस वर्षं तो गावाच्या बांध्यांची, म्हणजे धानाच्या शेतांची राखण करत होता; पावसाळा सरताना धान, हिवाळ्यात लाखोळीची डाळ, उन्हाळ्यात मोहाच्या झाडाखाली मोह. रानडुकरं गावातल्या सगळ्यांच्या बांधीत घुसत, बुधूच्या मचाणीच्या टापूत कधी घुसत नसत. लोक म्हणत, घोरण्याला भितात. एकदा वाघ आला, त्यानं घोरणं ऐकलं आणि इथं आपल्याहून मोठा कोणीतरी राहतो असं समजून वैनगंगा ओलांडून गेला, असंही सांगतात. ठसे पाहिलेला माणूस अजून जिवंत आहे. येतानाचे ठसे वीतभर अंतरानं होते, जातानाचे दोन-दोन पुरुष अंतरानं.

दिवसा मात्र बुधू कुठंही झोपे. ग्रामसभेत झोपे, दाढी करताना झोपे. सायकलवर झोपला तर सायकल त्याला घरी आणून सोडी, असं थोरला मुलगा मंगरू सांगे, आणि सायकलनं कधी नाकबूल केलं नाही.

चुलीजवळ बसलेल्या चंदाला सुरुवातीला फक्त भातच दिसत होता. मंगरूची ही बायको, पहाटेपासून उठलेली. नव्या तांदळाचा भात झाकणाखाली फुलत होता, त्याचा वास ओसरीभर पसरला होता आणि कोणाला शिवता येत नव्हता. लग्न होऊन आली त्या वर्षी मामाजी, म्हणजे सासरे, बाजूच्या खोलीत निजत. तेव्हा भिंतीतून येणाऱ्या आवाजानं तिचं डोकं धरे. मग ते मचाणीवर गेले ते गेलेच. वर्षात जेमतेम दोन महिने घरात निजायचे, तेही भर पावसात, छपराच्या कवेलूंवर पाऊस वाजत असताना. चंदाला आता लक्षात आलं, एवढ्या वर्षांत या घरातल्या कोणी या माणसाची झोप बसून ऐकलीच नव्हती.

तिच्या शेजारी चंदन बसला होता, धाकटा मुलगा. माजरीला कोळसा खाणीच्या वर्कशॉपात नोकरीला. तो काल संध्याकाळी आला तो बापाला न्यायचं ठरवूनच. मंगरूची मुलगी निशा चंद्रपूरच्या एका दवाखान्यात नर्स होती, तिनं काकाला फोनवर सांगितलं होतं की आबांची साखर गोळीनं खाली येते, पण बीपी तीन-तीन गोळ्या घेऊनही उतरत नाही, आणि तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं आहे की याचं मूळ झोपेत असेल. एक रात्र दवाखान्यात तारा लावून निजवायचं, मग लागली तर नाकावर लावायची हवेची मशीन द्यायची. मागच्या खेपेला बुधूनं हे ऐकलं, आणि निशाच्या डोक्यावर हात ठेवून नाही म्हणाला. काल रात्री चंदननं पुन्हा विषय काढला, तेव्हा मंगरूच मधे पडला. मोहाच्या झाडांच्या वाटणीत झालेलं भांडण दोघांच्याही तोंडात अजून आंबट होतंच.

"तू गेला माजरीले, आन आता दोन दिवस येऊन बा ले नेतो म्हणते," मंगरू म्हणाला होता. "मागचा धान अजून लोंबीवर हाये. राखण कोण करन, तुहा फोरमन?"

सोमारीनं मंगरूच्या बाजूनं मान डोलावली होती. तिथं बोलणं संपलं.

आता मंगरू बापाच्या अगदी जवळ, उजव्या हाताला बसला होता. थोरल्याची जागा तीच. आपल्या मनातलं खरं कारण त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बापाला ताप होता म्हणून पाच रात्री तो मचाणीवर गेला. चौथ्या रात्री त्याचा डोळा लागला. सकाळी तीन बांध्या अशा दिसत होत्या की कोणी नांगर उलटा धरून फिरवलाय. गावातलं कोणी तोंडावर बोललं नाही, पण तेव्हापासून नाक्यावर त्याला कोणी 'झोप झाली का भाऊ' असं विचारलं की त्याच्या कानाची पाळी गरम होई. बाप मचाणीवरून उतरला तर वर कोणी चढायचं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

घोरणं चढत गेलं. चंदनला हसू आलं, त्यानं चंदाकडे पाहिलं, चंदानं पदर तोंडाला लावला. खांबावर टांगलेली सुपली थरथरत होती, किंवा तसं वाटत होतं.

मग आवाज बंद झाला.

उठले वाटतं, म्हणून सगळ्यांनी माना पुढे केल्या. बुधूची मूठ तशीच होती. छाती वर उचलत होती, पोट आत जात होतं, पण नाकातोंडातून काही येत-जात नव्हतं. रात्रपाळी आटोपून सणाला आलेली निशा खांबाच्या दुसऱ्या बाजूला बसून घड्याळाकडे बघत होती. मग एकदम फाटल्यासारखा आवाज झाला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं.

"बावीस," निशा हळूच म्हणाली.

"काय बावीस?"

"बावीस सेकंद श्वास नव्हता."

चंदन अजून हसतच होता. पुढच्या वेळी आवाज थांबला तेव्हा तो मनात मोजू लागला. मोजता मोजता त्याचाच श्वास अडकला आणि त्यानं तो सोडला, बापाच्या आधी. सव्वीस. त्याच्या पुढच्या वेळी चंदाही मोजत होती, ओठ हलवत. भाताखालचा जाळ तिच्याकडून ओढायचा राहिला. कोणी कोणाकडे बघेना. मंगरूनं डोळे मिटून घेतले. पण डोळे मिटल्यानं ऐकू येणं काही थांबत नाही, उलट वाढतं.

सोमारी भिंतीला टेकून बसली होती. शहात्तर वर्षांची, नवरा गेल्यावर भावाकडे परत आलेली. नियम तिचाच, खांब तिच्या देखरेखीत. तिनं पहिला खंड ऐकला आणि तिच्या हातातली सुपारी कातरायची थांबली. पुढचे खंड ती मोजत नव्हती. तिला ते पाठ येत होते. कुठं चढतो, कुठं तुटतो, तुटल्यावर कसा फाटतो, सगळं तिला आधीच माहीत असल्यासारखं.

सहाव्या की सातव्या वेळी आवाज थांबला तो थांबलाच. निशानं तीस मोजले. पस्तीस. म्हाताऱ्याचे ओठ जांभळट दिसायला लागले. चाळीसला ती उठली आणि तिनं हात पुढे केला.

मंगरूनं तिचं मनगट धरलं. "पोरी, हात नको लावू."

"बाबा, सोडा मले."

"दाणे हातात हायेत."

"सोडा तिचा हात," चंदा म्हणाली.

चंदानं नवऱ्याला असं चारचौघांत आजवर कधी सांगितलं नव्हतं. मंगरूनं वळून पाहिलं. तेवढ्यात बुधूच्या घशातून पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा आवाज निघाला, त्यानं दोन्ही हात झाडले आणि डोळे उघडायच्या आधीच तो ओरडला, "हुर्रर्र! हाकला! हाकला!"

मूठ सुटली. पाच दाणे पानावर पडले, दोन जमिनीवर.

कोणी हाकललं नाही, कारण ओसरीत डुक्कर नव्हतं. बुधूनं भोवती पाहिलं, खांब पाहिला, आणि त्याला सगळं समजलं. तो ओशाळला नाही. जमिनीवरचे दोन दाणे उचलून पानावर ठेवले, खांबाला हात जोडले आणि चंदाला म्हणाला की भात खाली लागला, वास येऊन राह्यला.

पानं वाढली गेली. पहिला घास सगळ्यांनी घेतला. दुसरा घेण्याआधी निशा म्हणाली, "आबा, तुमचा श्वास बंद झाला होता. चाळीस सेकंद."

"माहीत हाये मले."

हे कोणालाच अपेक्षित नव्हतं.

बुधूनं घास संपवला, पाणी प्यायला आणि मग सांगू लागला, जसा माणूस आपल्या बैलाविषयी सांगतो. तो म्हणाला की त्याच्या घोरण्यानं डुकरं पळतात म्हणणारे वेडे आहेत. डुक्कर घोरण्याला कशाला भिईल, ते स्वतःच घोरतं. डुकरं पळतात ती तो उठतो म्हणून. रातभरात चाळीस-पन्नासदा उठतो, दर वेळी ओरडतो, टिनाचा डबा बडवतो. एवढं कोण उठेल? आणि तो आपल्या मनानं उठत नाही. त्याला उठवलं जातं.

"बा उठवते मले," तो म्हणाला. "छातीवर हात ठेवते आन दाबते. श्वास बंद होईस्तोवर दाबते. मी उठलो का सोडते."

त्याचा बाप, म्हणजे ज्याच्यासाठी आज पहिले दाणे ठेवले तो, मचाणीवर राखण करतानाच गेला, हे घरातल्या प्रत्येक पोराला अंगाईसारखं पाठ होतं. बसलेला, पाठ खांबाला टेकून, हातात डबा. मरतानाही जागा होता. बुधू तेव्हा वीस वर्षांचा, बांबूच्या गाडीवर आलापल्लीकडे गेलेला. परत आला तेव्हा माती देऊन झाली होती आणि गाव म्हणत होतं, राखणदार असावा तर असा.

निशानं पान बाजूला सारलं. तिनं सावकाश सांगितलं की तो हात नाही. झोपेत गळ्याचं मांस सैल पडतं, वाट बंद होते, शरीर घाबरून जागं करतं. दर वेळी हृदयाला धक्का बसतो, म्हणून बीपी उतरत नाही, म्हणून सकाळी डोकं दुखतं, म्हणून ते दिवसा झोपतात. असंच चाललं तर एक दिवस शरीर जागं करणार नाही.

"तुह्या मशीनीनं बा चा हात जाईन?"

"जाईन आबा. रातभर झोपाल तुमी."

"मंग मी कोण?" बुधूनं विचारलं. आवाज चढला नव्हता. "सत्तर वर्षांचा बुढा. नांगर होत नाई, मोह वेचाले वाकता येत नाई. साखरेची गोळी, बीपीची गोळी. एवढी एक गोष्ट येते मले, उठनं. ते बी तुमी बंद करता."

 काल रस्ताभर चंदननं बसमध्ये जी वाक्यं पाठ केली होती त्यातलं एकही या प्रश्नाला बसत नव्हतं. मंगरूची बाजू जिंकत होती, आणि मंगरूनं उचललेला घास परत पानात ठेवला. ते चाळीस सेकंद त्याच्या मुठीत होते. पोरीचं मनगट त्यानंच धरलं होतं.

"बा नं मरता मरता डबा सोडला नाई," बुधू म्हणाला. "त्याचा हात मी झटकू?"

"डबा मी देल्ला त्याच्या हातात," सोमारी म्हणाली.

ती भिंतीपासून हलली नव्हती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती पानातल्या भाताकडे बघत होती, आणि बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात तिनं सांगितलं. त्या सकाळी ती पेज घेऊन मचाणीकडे गेली होती. सूर्य वर आला होता तरी बांधीत डुकरं होती, पोट भरून लोळत होती. बा मचाणीवर आडवा होता, तोंड उघडं, अंग गार. डबा खाली चिखलात पडला होता.

"मी डबा धुतला," ती म्हणाली. "वर गेलो. त्याले बसवलं. लय जड झाला होता. खांबाले टेकवला, हातात डबा देल्ला. मंग बोंब मारली."

"काऊन?" बुधूनं विचारलं.

"लोकायचा धान गेला होता. म्हणले असते राखणदार झोपला. मानूस गेला तो गेला, नाव तरी राहो म्हणलं."

 अंगणातली कोंबडी पायरी चढून आली, एक दाणा टिपून गेली, तिला कोणी हाकललं नाही.

"घोरत होता?"

"तुह्यासारखा. चढे, मधी तुटे, मंग फाटे. आई उठवे त्याले. त्या पंधरवड्यात आई मामाच्या घरी गेली होती." सोमारीनं पहिल्यांदा मान वर केली. "आज मी इथी बसून ऐकलं, बुधू. पन्नास वर्षांनी ऐकलं. तो डबा पुन्हा धुवाची ताकद नाई मले."

बुधूनं आपला तळवा उलटा करून पाहिला. मग त्यानं तो तळवा छातीवर ठेवला, थोडा दाबला, पाहिला, काढला.

"मंग हा हात कोनाचा?"

निशा पुन्हा गळ्याचं सांगणार होती. सोमारीनं तिला थांबवलं.

"बा चाच असन," ती म्हणाली. "पर डुकरांसाठी नसन उठवत तो. माह्यासारखा नको निजू, म्हणत असन."

खरं कोणाचं, हे त्या ओसरीत ठरलं नाही. पण बुधूनं पानातला भात संपवला, शितदेखील ठेवलं नाही, हात धुतले आणि मंगरूसमोर येऊन उभा राहिला. आज मचाणीवर कोण, एवढंच विचारलं. मंगरू म्हणाला, मी. बुधू म्हणाला, तू झोपतो. हे इतकं सरळ म्हटलं गेलं की मंगरूला राग यायला जागाच मिळाली नाही. हो, मी झोपतो, तो म्हणाला, आणि दोन वर्षं गरम होणारी कानाची पाळी पहिल्यांदा थंड राहिली.

"मी राहतो दादासंग," चंदन म्हणाला. "एक झोपला का दुसरा लाथ मारन."

"तुही ड्यूटी?"

"सांगतो फोरमनले, घरी डुकरं हायेत म्हणून."

अशा रीतीनं, जो बापाला न्यायला आला होता तो गावात राहिला, आणि ज्याला बापाला जाऊ द्यायचं नव्हतं त्यानं थैली भरली. गोळ्यांच्या पट्ट्या, धोतर, चादर. नवा तांदूळ शेरभर चंदानं बांधून दिला, दवाखान्याच्या भाताला वास नसतो म्हणून. बुधूनं मंगरूला आवाजाचे बारकावे सांगितले. साळींदर कसं येतं, डुक्कर कसं येतं, आणि कोल्ह्यासाठी उठू नको, तो नुसता बघायला येतो. किती रात्री लागतील ते त्यानं निशाला तीनदा विचारलं. तिनं तीनदा सांगितलं, एक. मशीन मिळाली तर ती घरी आणायची, आणि मग रोज लावायची, मेल्याशिवाय सुट्टी नाही.

सोमारी आपली थैली घेऊन कधी निघाली ते कोणाला कळलं नाही. दुपारच्या बसला बुधू आणि निशा पोचले तेव्हा ती आधीच खिडकीजवळची जागा धरून बसली होती. 

हरणघाटचा पूल यायच्या आधीच बुधू झोपला. निशा पुढच्या सीटवर होती, रात्रपाळी करून आलेली, तिचाही डोळा लागला. घोरणं चढलं. बाजूच्या बाकावरच्या बाईचं तान्हं रडायचं थांबून ऐकू लागलं. ड्रायव्हरनं दोनदा गियर तपासला. कंडक्टर मागं आला, पाहिलं, हसला आणि गेला.

आवाज तुटला.

सोमारीनं थैली मांडीवरून खाली ठेवली आणि कोपर भावाच्या बरगडीत घातलं. बुधू दचकला, हात झाडला, समोरच्या सीटची दांडी धरली.

"डुकरं आले?"

"नाई आले," सोमारी म्हणाली. "श्वास घे."

त्यानं घेतला. डोळे न उघडता पुन्हा मान टाकली. पुलावरून खाली वैनगंगा गढूळ, भरून वाहत होती. सोमारी तिच्याकडे बघत नव्हती. ती कान लावून बसली होती, कोपर तयार ठेवून, वाटेतलं मूल गाव यायलाच अजून तासभर होता.